सगळ्यांचा लाडका, मित्र कुणाचा?

न्यू जर्सीत विशेष शिक्षणाचा हक्क वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत असतो. ते शालेय वर्ष संपलं की सकाळी दाराशी येणारी पिवळी बस बंद होते. शिक्षण संपल्याचं दुःख आईवडिलांना फारसं नसतं. इतक्या वर्षांत काय जमलं आणि काय नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. हादरा बसतो तो वेगळाच. बसमध्ये शेजारी बसणारा मुलगा, जेवणाच्या टेबलाशी रोज भेटणाऱ्या तिघीचौघी, गेटवर नावाने हाक मारणारा रखवालदार, ही सगळी माणसं एका दिवसात आयुष्यातून जातात. कुणाचा फोन नंबर घेतलेला नसतो. घेऊन करायचं काय, असंच तोवर वाटलेलं असतं. इथले पालक या टप्प्याला ‘क्लिफ’, म्हणजे कडा, म्हणतात. त्यावरून काय काय खाली पडतं याची यादी करताना थेरपी, वर्गातला मदतनीस, वाहतूक हे सगळं येतं; सोबत्यांचं नाव मात्र क्वचित येतं.

हे पुस्तक त्या सोबत्यांबद्दल आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची मैत्री, आणि मैत्री जमायला लागणारा मोकळा वेळ, एवढाच त्याचा विषय. डाउन सिंड्रोम, ऑटिझमसोबत आलेली बौद्धिक अक्षमता, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने राहिलेली मर्यादा, आणि ज्यांचं कारण कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही अशी कितीतरी माणसं यात आहेत. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांचे प्रश्न निराळे, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत. लिहिणारे बहुतेक जर्सी सिटी आणि हडसन काउंटीतले मराठी आईवडील आहेत, काही भावंडं आहेत, आणि शेवटच्या भागात ती मुलं स्वतः आहेत. ‘मुलं’ ही आपली सवय. त्यांतल्या काहींच्या कानशिलाचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. पस्तिशीच्या माणसाला ‘आमचं बाळ’ म्हणणारी वाक्यं लेखांमध्ये जागोजागी सापडतील. संपादन करताना ती मी खोडली नाहीत. विषय समजायला ती उपयोगी पडतात.

मराठी घरात असं मूल सहसा एकटं पडत नाही. गणपतीच्या आरतीला झांजा त्याच्याच हातात असतात, हळदीकुंकवाला तिच्यासाठी नवी साडी येते, मंडळाच्या कार्यक्रमात झाडून सगळे काका आणि मावश्या गाल ओढून जातात. मग तो किंवा ती आपल्या जागी परत, म्हणजे आईशेजारच्या खुर्चीवर. ‘आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचा लाडका आहे हो तो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि ते खरंही असतं. पण लाडक्याला शनिवारी कुणी फोन करून ‘येतोस का?’ विचारत नाही. त्याच्याशी कुणी भांडत नाही, त्याच्यावर रुसत नाही, त्याच्याकडे वीस डॉलर उसने मागत नाही. आपण त्याला भरभरून देतो आणि त्याच्याकडून काही घ्यायचं आपल्या मनातही येत नाही. मैत्री सुरू होते ती घेण्यापासून. या पुस्तकातले लेख एकमेकांशी बऱ्याच बाबतींत भांडतात, पण या एका मुद्द्यापाशी सगळे येऊन थांबतात.

या विषयाचा इतिहास जर्सी सिटीच्या काठावरूनच सुरू करता येतो. लिबर्टी स्टेट पार्कमध्ये रविवारी डबे उघडून बसलेल्या आपल्या कुटुंबांना समोर पाण्यात एलिस आयलंड दिसतं. १८८२ च्या कायद्याने ‘जडबुद्धी’ ठरलेल्या माणसाला अमेरिकेत उतरायला बंदी झाली आणि १९०७ मध्ये ती बंदी सौम्य मर्यादा असलेल्यांपर्यंत वाढवली गेली. त्या बेटावर उतरणाऱ्यांत अशी माणसं ओळखायची कशी? या कामात न्यू जर्सीतल्याच व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलचे मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी उत्साहाने लक्ष घातलं. बिने यांची बुद्धिमापन चाचणी त्यांनी १९०८ मध्ये अमेरिकेत आणली होती. १९१३ मध्ये त्यांच्या सहकारी स्त्रिया बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, थकलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांपुढे चाचण्या घेऊन बसल्या. काही देशांतून आलेले बहुसंख्य लोक त्यात मंदबुद्धी निघाले! चूक चाचणीत असेल, हे गोडार्ड यांना त्या वेळी सुचलं नाही.

त्याच व्हाइनलँडमध्ये १९३५ मध्ये एडगर डॉल यांनी सामाजिक पक्वता मोजणारी श्रेणी तयार केली. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी तिचं भारतीय रूपांतर केलं. पुण्या-मुंबईहून इथे आलेल्या पालकांच्या जुन्या फायलींत ‘व्हीएसएमएस’ असं शीर्षक आणि खाली ‘एस. क्यू.’चा आकडा असलेला कागद हमखास असतो. तो कागद जपून बॅगेत घालून आपण त्या मोजपट्टीच्या माहेरी आलो आहोत, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. डॉल यांचा हेतू चांगला होता. माणूस बुद्ध्यंकावर तोलू नये, तो रोजच्या जगण्यात काय करतो ते पाहावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गोडार्ड यांच्या तुलनेत ही केवढी तरी प्रगती. पण त्यातून सवय लागली ती एकेका माणसाला सुटं मोजायची. त्याला बटण लावता येतं का, रस्ता ओलांडता येतो का, इतरांशी खेळतो का? मैत्री दोघांत असते. तिचा आकडा एकाच्या फायलीत कुठे लिहिणार?

व्हाइनलँडशी आणखी एक नाव जोडलेलं आहे. लेखिका पर्ल बक यांची मुलगी तिथेच राहिली आणि तिच्याबद्दल त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा असं मूल असल्याचं उघड सांगणंसुद्धा धाडसाचं होतं. मुलीला तिच्यासारख्यांची संगत मिळावी, हा विचार तिला संस्थेत ठेवण्यामागे होता. संगतीचं हे आश्वासन सगळ्याच संस्था देत होत्या. ते कुठवर घसरू शकतं, हे बेयॉनच्या पुलापलीकडे स्टेटन आयलंडवर दिसलं. तिथल्या विलोब्रुकमध्ये हजारो माणसं एकत्र कोंबलेली होती. १९७२ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्याने आतली दृश्यं घराघरांत नेली आणि १९८७ मध्ये ती संस्था कायमची बंद झाली. माणसांनी खच्चून भरलेल्या त्या खोल्यांमध्ये सोबत मात्र कुणालाच नव्हती.

तोवर पालक जागे झाले होते. १९४६ मध्ये बर्गन काउंटीतल्या लॉरा ब्लॉसफेल्ड या आईने स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली, आणि आज ‘द आर्क ऑफ न्यू जर्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचा पाया घातला गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ज्यूडी फ्रायड यांनी पुढे ‘मेनकॅप’ झालेली संघटना सुरू केली. मुंबईत वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी १९४४ मध्येच शाळा काढली होती. ‘जय वकील’ आजही चालू आहे. तीन ठिकाणची ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. तिघांकडेही घरात बसलेलं मूल होतं आणि त्याला घेऊन जायला जागा नव्हती.

त्या आसपासच्या आणि नंतरच्या काळात या क्षेत्रात ढोबळमानाने तीन-चार विचारधारा दिसतात. पहिली म्हणते, यांना यांच्यासारख्यांबरोबर हसू-खेळू द्या. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या अंगणात उन्हाळी शिबिर भरवलं आणि १९६८ मध्ये शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिम्पिक झालं. २०१४ मध्ये त्याचे राष्ट्रीय सामने न्यू जर्सीतच झाले. ब्रिटनमध्ये १९६६ पासून ‘गेटवे’ क्लब निघाले. ‘वेगळं पाडणारे उपक्रम’ म्हणून अभ्यासक या धारेवर नाक मुरडतात. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. या पुस्तकात ज्या मैत्र्या दहा-दहा वर्षं टिकल्या, त्यांतल्या बऱ्याच पोहण्याच्या तलावावर आणि बोलिंगच्या लेनवर जमलेल्या आहेत. आपण मराठी माणसं न्यू जर्सीत मराठी माणसं शोधत फिरतो, मंडळं काढतो, दर दोन वर्षांनी अधिवेशनाला जमतो. त्याला कुणी वेगळं पडणं म्हणत नाही.

दुसरी धारा स्वीडनमधून आली. बेंग्त नीर्ये यांनी १९६९ मध्ये मांडलेली कल्पना वाचताना फार साधी वाटते: या माणसांनाही दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची तीच लय मिळावी जी इतरांना मिळते. मोठ्या माणसाने संध्याकाळी सात वाजता झोपू नये. काम एका जागी, घर दुसऱ्या जागी आणि करमणूक तिसऱ्या जागी असावी. सुट्ट्या असाव्यात, सण असावेत. वर्षाची लय आपल्याकडे सणांनी आयती दिलेली आहे, म्हणून मराठी घरं या कसोटीच्या एका भागात उत्तम उतरतात. आठवड्याच्या लयीत मात्र सपशेल नापास. सोमवार ते शुक्रवार डे प्रोग्राम, तो दुपारीच सुटतो. शनिवार-रविवारी आईवडील जातील तिथे. त्यांच्या मित्रांकडे, त्यांच्या भिशीला, त्यांच्या सत्यनारायणाला. नीर्ये यांच्या काळात स्वीडनमध्ये तरुणांचे जे क्लब निघाले, त्यांत सहल ठरवणं, मत देणं, पैशांचा हिशेब ठेवणं ही कामं बौद्धिक अक्षमता असलेले तरुण स्वतः शिकले, आणि त्याच तरुणांनी पुढे स्वतःच्या परिषदा भरवल्या. ‘आम्ही आधी माणसं आहोत’ असं सांगत १९७४ मध्ये ऑरेगनात उभी राहिलेली ‘पीपल फर्स्ट’ चळवळ त्याच वळणाची. सहल कुठे काढायची यावरच्या वादातून हक्कांची चळवळ निघते, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत आनंदाचं प्रकरण वाटतं.

अभ्यासक वुल्फेन्सबर्गर यांनी नीर्ये यांचा विचार अमेरिकेत रुजवला, आणि त्याच्या आगेमागे कायदे, निकाल आणि नियम आले: १९७५ चा शिक्षणाचा, भेदभावाला बंदी घालणारा १९९० चा एडीए, संस्थेऐवजी समाजात सेवा मिळण्याचा हक्क सांगणारा १९९९ चा ओल्मस्टेड निकाल, आणि सरकारी पैशाने चालणाऱ्या सेवा समाजात मिसळलेल्या असाव्यात असं सांगणारा २०१४ चा केंद्रीय नियम. माणसं संस्थांतून वस्तीत आली. वस्तीत आल्यावर काय होतं, हे रॉबर्ट एजर्टन यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या संस्थेतून सुटलेल्या माणसांचा माग काढताना त्यांना दिसलं की जवळजवळ प्रत्येकाचं आयुष्य एखाद्या उपकारकर्त्यावर तोललेलं आहे: घरमालकीण, मालक, नवरा, शेजारी. हे लोक आधार देतात, आणि संस्थेत राहिल्याचं गुपितही राखतात. यातल्या कुणाला मित्र म्हणायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून तिसरी धारा मैत्री जुळवून देऊ लागली. ‘बेस्ट बडीज’ १९८९ मध्ये संस्था म्हणून उभी राहिली. तिच्यात कॉलेजची मुलं जोडीदार होतात. ज्यू समाजाच्या ‘फ्रेंडशिप सर्कल’मध्ये शाळकरी स्वयंसेवक घरी येतात, लिव्हिंग्स्टनमध्ये त्यांनी ‘लाइफटाउन’ नावाचं केंद्रच बांधलं आहे. आपल्या मंडळांनी तिथे एकदा जाऊन यावं, निदान एक समाज आपल्या मुलांसाठी काय उभं करू शकतो हे पाहायला. मात्र या धारेचं दुखणं पालकांना ठाऊक आहे. कॉलेजच्या अर्जात लिहिण्यापुरते तास भरले की स्वयंसेवक दिसेनासा होतो आणि पुढचा महिनाभर घरात ‘तो कधी येणार?’ हा एकच प्रश्न असतो.

एकत्र राहून आयुष्य वाटून घेणारी चौथी धारा मी थोडक्यात सांगते, कारण जर्सी सिटीत तिची वाट चाललेलं कुणी या पुस्तकात नाही. १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये कार्ल केनिग यांनी ‘कॅम्पहिल’ सुरू केलं, १९६४ मध्ये फ्रान्समध्ये जाँ व्हानिए यांनी ‘लार्श’. व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यांच्याच संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलं, आणि ‘संतमाणूस’ या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेकडे किती सावधपणे पाहावं हे सगळ्यांना कळलं. पुण्याजवळ कोळवण खोऱ्यातलं ‘साधना व्हिलेज’ या धारेतलं आपलं उदाहरण.

महाराष्ट्रातल्या कामाचा प्रवास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पुण्याची ‘कामायनी’, बदलापूरला पालकांनीच उभारलेली ‘आधार’, मारुंजीचं ‘नवक्षितिज’ अशी नावं इथल्या पालकांच्या बोलण्यात वारंवार येतात, बहुधा ‘आम्ही गेल्यावर भारतात पाठवावं का?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ. मराठी मनावर या विषयाचा ठसा उमटवला तो मात्र सिनेमाने. १९९१ च्या ‘चौकट राजा’मध्ये दिलीप प्रभावळकरांचा नंदू आपण पाहिला. रडलो ते त्याच्या अवस्थेवर. ती गोष्ट मुळात दोन बालमित्रांची आहे, आणि लग्न झालेल्या मैत्रिणीने त्याला पुन्हा मित्र मानलं की तिच्या संसारात काय खळबळ उडते याची आहे, हे आपण सोयीने विसरलो. २०१४ च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली, तिथे टाळ्या पोहण्याला मिळाल्या.

एक काळं पानही सांगायला हवं. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. गवगवा झाला, स्त्रीसंघटना रस्त्यावर आल्या, तरी त्यामागची, मुलींच्या देहाबद्दलची भीती संपली नाही. मुलीच्या मैत्रीचा विषय निघाला की आजही घर सावध होतं. या पुस्तकात मुलग्यांच्या मित्रांबद्दल मोकळेपणाने लिहिलं गेलं आहे, मुलींच्या मित्रांबद्दल जवळजवळ नाही. लेख मागवताना मी आग्रह धरला होता. दोन आयांनी लिहिलं, आणि नंतर मागे घेतलं.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? एकतर आपले पहिले लोक म्हातारे झाले. नेवार्क अॅव्हेन्यूवर भारतीय दुकानं नुकती उघडत होती त्या काळात आलेली आणि १९८७ मध्ये भारतीयांवर हल्ले करणाऱ्या ‘डॉटबस्टर्स’ टोळीच्या दहशतीत मुलांना दाराबाहेर न सोडलेली ही पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. मुलगा चाळिशीचा, आणि त्याचे एकमेव मित्र म्हणजे हे दोघे आईवडील. त्यांची ती भीती खरी होती, पण ती घरातल्या एका माणसाच्या बाबतीत कायमची राहून गेली.

दुसरं कारण नव्या पिढीचं आहे. न्यूपोर्ट आणि एक्स्चेंज प्लेसच्या इमारतींत एच-१बीवर राहणाऱ्या घरांमध्ये ग्रीन कार्डची रांग दशकांची आहे. मूल एकवीस वर्षांचं झालं की त्याचा एच-४ दर्जा संपतो. इतर मुलं विद्यार्थी व्हिसावर जातात. कॉलेजात शिकू न शकणाऱ्या मुलाने काय करायचं? डीडीडीची, म्हणजे राज्याच्या विकासात्मक अक्षमता विभागाची सेवासुद्धा एकविसाव्या वर्षी सुरू होते, पण तिला मेडिकेड लागतं, आणि ते या मुलाला मिळत नाही. शाळा, सोबती आणि देशात राहण्याचा हक्क, तिन्हींची अखेर एकाच वाढदिवसाच्या आसपास. समोर एलिस आयलंड असताना हे लिहिताना हात जरा अडखळतो.

ज्यांना डीडीडीचं बजेट मिळतं त्यांचे प्रश्न सौम्य आहेत, पण बोधक आहेत. त्या पैशातून समाजात मिसळण्यासाठी माणूस घेता येतो, तो आपल्या पसंतीने नेमता येतो. हे कितीतरी मराठी पालकांना माहीत नाही. सपोर्ट कोऑर्डिनेटरला विचारावं कसं, यावर पुस्तकात एक अत्यंत व्यवहारी लेख आहे. पैशाने तास मिळतात. त्यांचं काय होतं ते सोबतच्या माणसाच्या वकुबावर ठरतं. चांगला माणूस कॅफेत दोघांना टेबलाशी बसवून स्वतः दूर जाऊन बसतो. दुसरा मधे बसून दोघांच्या वतीने बोलत राहतो. वाहतुकीचंही तसंच. एनजे ट्रान्झिटची ‘अॅक्सेस लिंक’ गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, त्यामुळे ‘चल, आत्ता येतो’ हे मैत्रीतलं सर्वांत नेहमीचं वाक्य या माणसांच्या आयुष्यात येतच नाही.

इथे जर्सी सिटीची बाजू घ्यायला हवी. मुलं मोठी होऊ लागली की मराठी कुटुंबं एडिसनकडे किंवा त्यापलीकडे घर घेतात: अंगण, दोन गाड्यांचं गॅरेज, नामांकित शाळा. गाडी चालवू न शकणाऱ्या प्रौढासाठी ते अंगण म्हणजे बेट आहे. जर्सी सिटीत फूटपाथ आहेत, लाइट रेल आहे, पाथ आहे, आणि जर्नल स्क्वेअरच्या आसपास चालत दहा मिनिटांत रोज त्याच वेळी जाता येईल अशी दुकानं आहेत. रोज एकाच ठिकाणी एकाच वेळी दिसणारा माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला की एखाद दिवशी न आल्यावर त्याची चौकशी होते. मैत्रीचा पाया याहून फार वेगळा नसतो. घर बदलण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी पुस्तकातला निदान या विषयावरचा विभाग आधी वाचावा.

पुस्तकात उपक्रमांची यादी नाही. ती वर्षभरात शिळी होते. कार्यपद्धतीही सांगितलेली नाही. काय केलं, काय फसलं, कुणामुळे जमलं, एवढंच लिहावं असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी उपदेशाचा मोह आवरला. बोलू न शकणाऱ्या माणसांबद्दल पुस्तक तोकडं आहे. त्यांच्या आवडी-नावडी आया लिहितात, आणि आया प्रेमाने लिहितात, ही त्यातली अडचण. शेवटच्या भागातले मजकूर तोंडी सांगितलेले आहेत. काही मराठीत, काही इंग्रजीत, बरेचसे मिसळीत. व्याकरण सुधारलेलं नाही.

खाजगीपणासाठी पुस्तकातली सर्व नावं बदलली आहेत, एक सोडून. ते नाव ज्याचं आहे त्या माणसाला स्वतःचं खरं नाव छापून हवं होतं, कारण त्याला ते त्याच्या मित्राला दाखवायचं होतं. वडिलांची सक्त हरकत होती. गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, त्यांनी घेतलेलं नाही, त्यामुळे संमती द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार मुलाचा होता. नाव जसंच्या तसं ठेवलं आहे. वडिलांचा वेगळा लेख पुस्तकात आहे, त्यांच्या विनंतीवरून बदललेल्या नावाने.